मुलगा भारताकडून का खेळत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

आम्ही इंग्लंडला असतो, मुलगा फुटबॉल खेळतो. पुण्याला आलो की कुठल्याही लग्नात कुणीतरी विचारतंच. "त्याला तिकडच्या क्लबने सोडलं ना? मग भारताकडून खेळू दे की. आपल्याकडे सहज घेतील." त्यातलं ते 'सहज' मला फार लागतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, अडचण नाही. मुलगा इंग्लंडमध्ये जन्मला, पण बाप पुण्याचा आहे. तो भारतीय नागरिक झाला तर फिफाच्या नियमात बसतो. घोडं अडतं नागरिकत्वापाशी. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते. त्यावर भारतात राहता येतं, नोकरी करता येते, देशाकडून खेळता येत नाही. टेनिसमध्ये प्रकाश अमृतराज अमेरिकी पासपोर्टवर आपल्याकडून डेव्हिस कप खेळला होता, पण २००८ पासून सरकारने ती वाट बंद केली. नागरिकत्व हवं तर ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली हवीत, अर्जाआधी बारा महिने भारतात राहायला हवं, आणि ब्रिटिश पासपोर्ट सोडायला हवा.

"मग राहू दे की वर्षभर!" हे तुमचं पुढचं वाक्य. राहणारच होता तो.

इंग्लंडमधल्या क्लबच्या अकादमीने त्याला अठराव्या वर्षी रिलीज केलं, म्हणजे सोडलं. लहानपणापासून तिथेच वाढलेला लेफ्ट बॅक, डाव्या बाजूचा बचावपटू. पुढचा उन्हाळा आम्ही कोथरूडला आईकडे काढला आणि ओळखीतून एका भारतीय क्लबने त्याला ट्रायलला बोलावलं. क्लबचं नाव लिहिणार नाही. पाऊस नुकताच थांबला होता, मैदानाची डावी बाजू चिखलाने भरलेली, आणि नेमका तो त्याच बाजूला. तरी चांगला खेळला. हे बापाचं प्रेम म्हणून बोलत नाही, त्यांच्या कोचनेच येऊन सांगितलं. मग ऑफिसात बसलो. समोरच्या गृहस्थांनी फॉर्म हातात घेतला, नॅशनॅलिटीच्या रकान्याभोवती पेनने गोल केला आणि इंग्रजीत म्हणाले की मुलगा छान आहे, पण हा आमच्यासाठी फॉरेनर. मुलगा मराठीत म्हणाला, "सर, मला इथेच राहायचंय. पासपोर्टसाठीच आलोय." त्यांचा चेहरा एकदम खुलला. तेही मराठीत बोलू लागले, गाव विचारलं, चहा मागवला. उत्तर मात्र बदललं नाही. मैदानात एका वेळी चारच परदेशी खेळवता येतात. त्यातली जागा स्पॅनिश स्ट्रायकरला द्यायची की एकोणीस वर्षांच्या लेफ्ट बॅकला? "पासपोर्ट घेऊन या, दुसऱ्या दिवशी सही करतो."

म्हणजे पासपोर्टसाठी वर्षभर इथे राहायचं, आणि त्या वर्षात पासपोर्ट नाही म्हणून कुठला क्लब घेणार नाही. एकोणिसाव्या वर्षी बारा महिने स्पर्धेत न खेळलेला मुलगा नंतर कुणाला हवा असतो? चहा तसाच राहिला. मुलगा खाली बघत मनगटावरची टेप सोलत होता. परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "त्यांचं काही चुकलं नाही, बाबा." मला तेव्हा राग आला होता आणि आजही आहे. कुणावर, ते सांगता येत नाही.

आता तुम्ही अराता इझुमीचं उदाहरण द्याल. ते मला सांगू नका. बालेवाडीच्या स्टँडमध्ये बसून मी त्याला पुणे एफसीकडून खेळताना पाहिलंय. वडील गुजराती, आई जपानी. त्याने जपानी पासपोर्ट सोडला, नीलकंठ खंबोलजा हे नाव घेतलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. रायन विल्यम्सचंही तसंच. आई मुंबईत जन्मलेली, तो ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेला. बंगळुरूकडून खेळता खेळता त्याने २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं, तेव्हा वय बत्तीस. हे दोघे परदेशी म्हणून करार मिळावा इतके तयार खेळाडू होते. राहण्याची अट त्यांची खेळता खेळता पुरी झाली. कोवळ्या मुलाला ही सोय नाही.

त्याच बालेवाडीत मित्रांशी मी तावातावाने भांडत असे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या मायकल चोप्रा या फुटबॉलपटूला भारताकडून खेळायचंय अशा बातम्या होत्या, आणि मी म्हणायचो, खेळायचंय ना, मग पासपोर्ट सोड. देशाचा शर्ट फुकट मिळत नाही. तेव्हा तसं बोलणाऱ्या माझ्यातल्या त्या माणसाला आज काय सांगू? त्याचं म्हणणं मला अजूनही निम्मं पटतं. पण तेव्हा त्याच्या घरात पासपोर्ट सोडायचा प्रश्न कुणापुढे आला नव्हता.

जन्मानंतर वर्षाच्या आत मुलाची भारतीय नागरिक म्हणून नोंद भारतीय वकिलातीत करता आली असती. केली नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला, कारण तो तिथेच वाढणार होता, शिकणार होता. तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. सोडलेलं ब्रिटिश नागरिकत्व एकदा परत मिळवता येतं, हेही मला ठाऊक आहे. पण ते परत घेतलं की भारताचं जातं. आणि हे सगळं करून संघात निवड होईलच, असं कोण सांगणार?

निदान भारतातल्या क्लबांच्या लीगमध्ये तरी ओसीआय मुलांना परदेशी धरू नका, असं मी हल्ली म्हणतो. त्यावर कोल्हापूरचा माझा मेहुणा चिडतो. त्याच्या गावचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. "तुझ्या पोराला इंग्लंडची हिरवळ मिळाली, कोच मिळाले. आता आमच्या पोरांची जागाही त्यालाच?" मी म्हणतो, जागा खेळून मिळवू दे. तो म्हणतो, सुरुवात एकाच रेषेवरून झाली असती तर बोललो नसतो. दर दिवाळीला आमचं हे भांडण होतं.

मुलगा आता कॉलेजात आहे, शनिवारी नॉन-लीग, म्हणजे तिकडचं खालच्या स्तरावरचं फुटबॉल, खेळतो. वर्षभर भारतात जायचं का, हा विषय त्याने अजून पूर्ण सोडलेला नाही. पुढच्या वेळी लग्नात भेटलात तर हे त्यालाच विचारा. मराठीत विचारा, नीट सांगेल.