न आलेला वास

कालपासून डोक्यात लोणीच आहे. आणि एका बिअरमधला त्याचा वास मला आला नाही ह्याचं एवढं वाईट का वाटावं ते कळत नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

झालं एवढंच की बिअरला गुण द्यायच्या टेस्टिंगला आमच्या तिघांच्या टेबलावर एक अंबर लागर आली, म्हणजे गारव्यात आंबवलेली तांबूस बिअर, नाव नाही, नुसता नंबर. ग्लास उजेडात धरला तर चिंचेने घासलेल्या तांब्याच्या भांड्याचा रंग, आरपार स्वच्छ, फेस हलका बदामी आणि खाली बसायचं नावच घेत नव्हता, प्रत्येक घोटामागे काचेवर जाळी सोडत होता. नाक घातलं तर आधी भाजलेल्या पावाची कड, थोडीशी टॉफी, मग मागून हॉप्स, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं, ग्रेपफ्रूटची साल आणि पाइनचा डिंक, म्हणजे कॅस्केड जातीचे असणार आणि तेही बिअर आंबल्यावर वरून घातलेले, ड्राय हॉपिंग केलेले. चवीला मध्ये गोडसर, शेवट कोरडा, कडवटपणा जिभेच्या मागे रेंगाळतो पण टोचत नाही. मला मनापासून आवडली. वासाला 12 पैकी 10 दिले, चवीला 20 पैकी 17, एकूण 50 पैकी 42, आणि पेन खाली ठेवलं.

आणि टेबलावरचे दुसरे दोघं परीक्षक एकदमच म्हणाले, बटर.

त्यांचे 29 आणि 30. मी ग्लासवर तळहात ठेवला, हाताने गरम केला, फिरवला, छोटे छोटे श्वास घेऊन बघितले, मग एक लांब श्वास. पाव, टॉफी, ग्रेपफ्रूट. बस. अगं थिएटरमधलं पॉपकॉर्न आहे हे, इतकं स्पष्ट आहे, असं एकजण म्हणाला, आणि मला थिएटरमधल्या पॉपकॉर्नला फक्त मीठ आणि तेलाचा वास येतो, कायम, मला वाटायचं सगळ्यांना तेवढाच येतो.

मग गुण जवळ आणायचे असतात, एका टेबलावरच्यांमध्ये 7 पेक्षा जास्त फरक नको असतो, तर मी 35 वर आले. आणि शेरा लिहिला, लोण्याचा वास, लागरमध्ये दोष. माझ्या अक्षरात. खाली माझी सही. तेच सलतंय. ज्याने ती बनवली तो माझा कागद वाचणार आणि त्याला वाटणार की मला वास आला.

रात्री घरी येऊन बिनमिठाचं लोणी कढवलं. बारा वाजून गेले होते. बेरी लाल व्हायला लागल्यावरचा तो वास अख्ख्या घरात भरला, मला नीट आला, आईला येतो तसाच, तिने माझ्यावर गॅस सोपवून देवपूजा उरकलीये वर्षानुवर्षं. मग तिथे येतो आणि इथे का नाही? तिला फोन करून विचारणार होते पण कशातला वास म्हणून सांगणार.

वाचत बसले. नाव डायअसेटिल. यीस्ट काम करताना एक पदार्थ बाहेर सोडतं, त्याचं बिअरमध्ये आपोआप डायअसेटिल होतं आणि नंतर यीस्टच ते परत खाऊन टाकतं, फक्त त्याला वेळ आणि ऊब द्यावी लागते. लागर 10-12 अंशांवर आंबते म्हणून शेवटी दोनेक दिवस 16-18 पर्यंत चढवतात. पण हे सगळं नीट करूनही ड्राय हॉपिंगने ते परत येऊ शकतं, कारण हॉप्समध्ये एन्झाइम असतात, ते उरलेली साखर फोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं, आणि पुन्हा लोणी. म्हणजे मला त्या बिअरमध्ये जे सगळ्यात जास्त आवडलं, तो ताजा हॉप्सचा वास, त्याच्याच पाठीवर बसून ते आलं असेल. आणि काही लोकांना डायअसेटिलचा वास जन्मतःच कमी येतो किंवा येतच नाही. सराव करून थोडाफार सुधारतो, काहींचा नाहीच. हे वाचलं आणि रडूच आलं, खरंच. दादाकडे गणपतीनंतर नेलेली ती मी बनवलेली बॅच, वहिनीने अर्धा ग्लास तसाच ठेवला होता आणि मी म्हटलं तिला कडू आवडत नाही... जाऊ दे.

आज दुपारी फ्रिजमधली ब्रुकलिन लागर उघडली. 1988 पासूनची आहे ती अमेरिकन बिअर, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, ते व्हिएन्नाच्या वळणाचं, अँटोन ड्रेहरने 1841 मध्ये व्हिएन्नाजवळ श्वेखाटला काढलेली ती अंबर लागर, आणि त्यावर ह्यांचं ड्राय हॉपिंग. माझ्यासाठी ह्या प्रकाराचं माप हेच. हळूहळू प्यायले, वासाकडे लक्षच दिलं नाही, नुसती जीभ. स्वच्छ. गिळल्यावर तोंड मोकळं होतं. आणि तेव्हा आठवलं की कालच्या बिअरनंतर टाळूला काहीतरी बुळबुळीत, तेलकट राहिलं होतं, मी ते माल्टचं अंग म्हणून लिहिलंय, माऊथफीलला, म्हणजे तोंडात कशी लागते त्याला, 5 पैकी 4 सुद्धा दिलेत. तो बुळबुळीतपणा डायअसेटिलचाच असतो. म्हणजे नाकाला नाही पण जिभेला कळतं. एवढं मिळालं तरी खूप आहे.

आणि टेबलावर एकाहून जास्त जण बसवतात ते ह्यासाठीच ना. लागरमध्ये मक्याचं कणीस उकडल्यासारखा वास येतो तो डीएमएस नावाच्या दुसऱ्या दोषाचा, तो आमच्यात सगळ्यात आधी मला येतो, इतर लोक ग्लास हलवत असतात तेव्हा माझं लिहून झालेलं असतं. तेव्हा त्यांनी माझ्या नाकावर विश्वास ठेवून गुण खाली आणलेत, कुरकुर न करता.

संयोजकांना मेल टाकलाय, त्या नंबरवाल्यापर्यंत पोचवा म्हणून. लिहिलंय की बटर माझ्या टेबलावरच्या दोघांना आलं, मला नाही, मला पाव आणि ग्रेपफ्रूट आलं आणि ते अप्रतिम होतं, हॉप्स कुठल्या तापमानाला घातलेस ते सांग, आणि पुढच्या वेळी भरायच्या आधी थोडी बिअर झाकून 60 अंशांवर वीस मिनिटं गरम करून गार कर आणि न तापवलेलीशी ताडून बघ, लोणी लपलं असेल तर तिथे बाहेर येतं. वास मात्र दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांग, असं लिहिणार होते, पण तो नियम त्याला नाही, मला आहे.

पुढच्या टेस्टिंगला बसल्या बसल्याच सांगून टाकणार, लोण्याचं तुम्ही बघा, मक्याचं मी बघते.