जावयानं गोंडे करायचे नसतात

आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात बैलांचा सण श्रावणातल्या अमावास्येपर्यंत थांबत नाही. आषाढी एकादशीचा उपास सुटतो न सुटतो तोच बेंदूर येतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जतकडे, तर ज्येष्ठी पौर्णिमेलाच कर्नाटकी बेंदूर उरकलेला असतो. एकाच जिल्ह्यात दोन बेंदूर आणि दोन्हीकडच्यांना आपलाच खरा वाटतो. मी गेलो तो महाराष्ट्री बेंदूर. गाव वाळवा तालुक्यातलं, वारणेच्या अंगाला, माझ्या बायकोचं आजोळ. गावाचं नाव लिहीत नाही. मामांना ते आवडणार नाही, आणि पुढच्या वर्षी मला परत जेवायला जायचं आहे.

स्वारगेट ते आष्टा प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाऊस, पेठनाक्याला चहा, मग पुन्हा पाऊस. पोचलो तेव्हा खांदेमळणी होऊन गेली होती. सणाच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून मळतात आणि त्यांना आवतण देतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाय या.’ माझ्या नशिबात नुसता गोठ्यातला हळदीचा वास आला.

आता खरं दुखणं सांगतो. जावई म्हणून या घरात पाऊल टाकलं की माणूस निकामी होतो. खाटेवर चादर अंथरली जाते, टेबलफॅन आपल्याकडे वळवला जातो आणि समोर पोह्यांची ताटली येते. ती संपायच्या आत दुसरी. पाणी आणायला उठलो तर तिघं जण उठतात. मी बैलांचे फोटो काढायला गोठ्यात गेलो तर मामींनी पोराला मागून खुर्ची घेऊन धाडलं. शेणात खुर्ची! बेंदराच्या आदल्या दिवशी घरातलं लहान पोरगंसुद्धा कामाला जुंपलेलं असतं. आणि मी बसलोय. पाहुणचाराची इतकी भीती मला दुसरीकडे कुठं वाटलेली नाही.

त्यातून सोडवलं आज्जीनं. म्हणजे बायकोच्या आईच्या आईनं. आज्जी सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात पत्र्याची ट्रंक उघडी. आत गेल्या वर्षीचं सगळं सामान : जुन्या पेपरात गुंडाळलेल्या, शिंगांच्या टोकाला घालायच्या पितळी शेंब्या, कवड्यांची माळ, डांबरगोळीचा वास मारणारी झूल, आणि गोंड्यांचा एक चपटा, उंदरानं कुरतडलेला ढीग. आज्जी तो ढीग बाजूला सारत होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

“रिकामं बसून काय करनार जावईबापू? ही लोकर धरा.”

“अवो आत्याबाई,” मामी स्वयंपाकघरातनं ओरडल्या, “जावयाला काय कामाला लावताय!”

“त्येंचं हात काय झिजत न्हाईत.”

पुढचे दोन-तीन तास माझ्या आयुष्यातले फार बरे तास होते. लोकर म्हणजे उसवलेले स्वेटर. नातवंडांचे शाळेचे, मामांचा कॉलेजातला, आणि एक गुलाबी कुणाचा ते आज्जींनाही आठवेना. उसवलेली लोकर कुरळी असते. ती तशीच वापरली तर गोंडा पिंजारतो, म्हणून ती आधी ओली करून, वजन टांगून वाळवलेली होती. डाव्या हाताची चार बोटं सरळ धरायची आणि त्यावर वेढे घ्यायचे. माझे वेढे आज्जींनी बोट घालून चाचपले. “आनि घ्या. ह्येचा गोंडा न्हाई, पोरीची रिबन हुतीय.” वेढे बोटांवरून अलगद उतरवायचे, मधोमध दोरा आवळायचा, दोन्हीकडची टोकं कात्रीनं फोडायची, आणि मग सगळीकडनं भादरत गोल आणायचं.

सगळी मेख त्या मधल्या दोऱ्यात आहे. तो सैल राहिला तर बैलानं दोनदा मान झटकली की गोंड्याचा झाडू होतो. आज्जी त्यासाठी साधा दोरा घेतच नाहीत. खताच्या पोत्याच्या तोंडाची शिवण असते ना, तिचं बरोबर टोक सापडलं तर एका ओढीत हातभर दोरा सुटून येतो. तो तुटत नाही, कुजत नाही आणि फुकट असतो. बरोबर टोक कुठलं ते मला सापडलं नाही. आज्जी न बघता ओढायच्या. सर्रकन आवाज यायचा आणि दोरा हातात.

रंगांचाही त्यांचा कायदा होता. लाल आणि पिवळा शेजारी चालतो. हिरवा मध्ये एखादा. गुलाबी कडेला, “उठून दिसाय पायजे पर वरचढ हुयाला नको”. आणि एक काळा गोंडा हवाच, दृष्टीसाठी. कपाळावरच्या पट्टीला सूत तीनपदरी विणून त्यात हे गोंडे अडकवायचे. मध्ये घुंगरू. पट्टी कपाळावर नीट टेकली पाहिजे, डोळ्यांवर आली तर बैल बुजतो.

एवढ्यात माझा धाकटा मेहुणा आष्ट्याच्या बाजारातनं आला. दोन बैलांचा तयार सेट घेऊन. मखमली झूल, चमकीची किनार, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा. साडेतीन हजार सांगितले होते, घासाघीस करून तीनला दिले म्हणे. मला वाटलं, आता आज्जी तोंड फिरवणार. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवायला लागलो होतो, जुन्या हातांची कला वगैरे. आज्जींनी झूल मांडीवर घेतली, उलटी केली, अस्तर ओढून बघितलं आणि म्हणाल्या, “कापड बरं हाय. शिवान पक्की हाय. ही फुलं तेवढी तोडून टाक, बैल खाईल.”

झालं. माझा लेख तिथंच मेला. आज्जींना हातानं केलेलं आणि विकत आणलेलं असा काही भेद नव्हताच. बैलाला टोचतंय का, तो खाईल का, पावसात टिकेल का, एवढंच. पुण्यातून ‘ओरिजिनल’ बघायला येणाऱ्या आमच्यासारख्यांनाच प्लास्टिक बघून कसंसं होतं. फेब्रुवारीत मी पणजीला कार्निव्हल बघायला गेलो होतो. किंग मोमोची स्वारी, चित्ररथ, कागदी फुलं, मुखवटे. तिथंही मी हा मुखवटा घरी केला का विकतचा, असंच विचारत हिंडलो होतो. आता आठवलं की हसू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल धुतले. पूर्वी ओढ्यावर न्यायचे, आता बोअरच्या पाइपनं. सोन्या शांत उभा राहिला, राजानं दोघांना भिजवलं. मग शिंगं. गेल्या वर्षीचा रंग शिंगांच्या खाचांत बसलेला असतो. पूर्वी काचेनं नाहीतर रंध्यानं शिंगं साळून गुळगुळीत करायचे. मामा आता साळत नाहीत. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, शिंग म्हणजे नुसतं लाकूड नाही, आत जिवंत आहे, साळून ते पातळ होतं आणि मग दुखणी लागतात. त्यामुळं आता फडक्यानं पुसायचं आणि वर हिंगूळ. मेहुण्यानं मात्र निळा ऑइलपेंट आणला होता. त्यावरून बापलेकांत जुंपली. शेवटी राजाला निळा, सोन्याला हिंगूळ, असा तह झाला. वरून बेगडाच्या पट्ट्या आणि टोकाला शेंब्या. अंगावर काव, म्हणजे तांबडी माती, कालवून हाताचे पंजे उमटवायचे. हे काम मात्र मला मिळालं. पांढऱ्याशुभ्र खिल्लाराच्या अंगावर ओला तळवा टेकवला की कातडी थरथरते. तळव्याखाली सळकन लाट जाते आणि पंजाच्या कडा पुसट उमटतात. हात दाबून धरायचा आणि दोन श्वास थांबायचं. चौथा पंजा जमला.

समोरच्या घरी एक शर्यतीचा बैल आहे. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून या बैलांचे भाव माणसांना लाजवणारे झालेत. त्याच्या मालकानं शिंगाला रंगाचा थेंब लावू दिला नाही. गोठ्यात पंखा, खाली रबरी मॅट. त्याला एक झूल आणि एक हार, बस. बाकी गल्लीत बैलजोड्या मोजक्याच. ट्रॅक्टर आले, बैल गेले. ज्यांच्याकडे नुसत्या जर्सी आणि होल्स्टिन गाई आहेत तेही हौस सोडत नाहीत, पण त्यांची पंचाईत वेगळीच. वासरू असतानाच शिंगं डागून काढलेली. गोंडा अडकवायचा कुठं? एका बाईनं गाईच्या कानाला रिबन बांधली होती आणि गाय दर मिनिटाला ती झटकून टाकत होती. ज्यांच्या दारात काहीच नाही ते कुंभाराकडची मातीची बैलजोडी पुजतात. मला सगळ्यात सुटसुटीत तेच वाटलं.

दुपारी पुरणपोळी. कटाची आमटी, भात, कुरडई. पाच पोळ्यांनंतर मी ताटावर आडवा हात धरला तर सहावी हाताच्या वरूनच आली, वर तुपाची धार. नको म्हणणं म्हणजे अपमान, खाणं म्हणजे आत्महत्या. यावर कुणाकडे उपाय असेल तर मला कळवा.

आणि आता तक्रार. चारच्या सुमारास मिरवणूक निघाली. मी मेहुण्याबरोबर सोन्याच्या मागं. वेशीत पानं आणि नारळ बांधलेली दोरी आडवी धरलेली असते, मानाचा बैल ती तोडतो, तिला कर तोडणं म्हणतात. तिथपर्यंत सगळं झकास. वाटेत एका मंडळानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी केली होती. ज्याच्यासाठी सण तोच बैल डोळे पांढरे करून मागं रेटत होता, आणि समोर पाच-सहा पोरं त्याच्या तोंडापुढं मोबाइल धरून उलट चालत होती. कासरा धरणाऱ्या पोराच्या हाताची सालं निघाली. मी आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलो. त्यांनी मला पाहुणं म्हणून मानानं चहा पाजला आणि आवाज वाढवला.

पण मनात टोचलं ते दुसरंच. वेशीपर्यंत जाऊन येईपर्यंत दीड तास लागला असेल, त्या सबंध वाटेवर आमच्या घरातली एकही बाई नव्हती. मिरवणूक आमच्या गल्लीतनं जातच नाही. मामी दोन दिवस चुलीपुढं. ओवाळायला आल्या तेव्हाही डाव्या हाताला पीठ होतं. आज्जींनी रात्री अकरापर्यंत बसून पट्ट्या पुऱ्या केल्या आणि बैल दारातनं बाहेर पडल्यावर त्या परत सोप्यात जाऊन बसल्या. सगळ्या गावानं त्यांचे गोंडे बघितले. आज्जींनी ते बैलाच्या कपाळावर चालताना बघितले नाहीत. मी मामींना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, “आमी गेल्यावर पोळ्या कोन करनार? तुमी?” मी म्हणालो करतो. सोप्यातली सगळी माणसं इतकी हसली की तो विषय तिथंच संपला. मला मात्र तो अजून संपलेला वाटत नाही.

रात्री मी आज्जींना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. माझी समजूत अशी की आता त्यांचे डोळे भरून येतील. आज्जींनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. सोन्या पडद्यावर आला.

“थांबवा. ह्यो डावा गोंडा खाली का आलाय?”

मेहुणा लगेच म्हणाला, वाटेत सुटला होता, मी परत बांधला.

“कशानं?”

“सुतळीनं.”

आज्जींनी मोबाइल माझ्या हातात दिला. उरलेला व्हिडिओ बघितलाच नाही. पंधरा मिनिटं त्या मेहुण्याला सुतळी आणि पोत्याचा दोरा यातला फरक ऐकवत होत्या, आणि आजूबाजूची मंडळी हळूहळू झोपायला पांगली.

सकाळी पाऊस थांबला तेव्हा सामान उतरवलं. घरच्या उसवलेल्या स्वेटरांचा रंग जिथल्या तिथं होता. पण लोकर कमी पडली म्हणून ऐन वेळी बाजारातनं जी लाल लड आणली होती, ती मिरवणुकीच्या पावसात खळाखळा सुटली होती. सोन्याचं अख्खं कपाळ, नाक आणि एक डोळा गुलाबी. साबणानं घासलं, राखेनं घासलं, मेहुण्यानं शाम्पू आणला. काही फरक नाही. मामा म्हणाले, महिनाभर असाच हिंडणार आता. आज्जी उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, घरी लाल स्वेटर हाय का कुनाचा, जुना? दिवाळीला येताना घिऊन या.

बायकोचा एक आहे. जुना नाही. अजून तिला विचारलेलं नाही.