एलियाहू इथंही येऊन गेलाय

अलिबागच्या इस्रायल आळीत आमच्या ओळखीच्या एक आजी होत्या. त्यांच्याकडे मलिदा असला की आम्हा पोरांना हमखास बोलावणं यायचं. भिजवलेले पोहे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, वरून काजू-बेदाणे आणि ताटाच्या कडेनं रचलेली फळं. आमचा जीव पोह्यांवर. पण आधी हिब्रूतली गाणी म्हटली जायची, ती काही संपता संपायची नाहीत, आणि त्यात एक नाव सारखं यायचं: एलियाहू हन्नाबी.

"तो कोण?" मी एकदा विचारलं.

"नबी तो, देवाचा प्रेषित. मेलाच नाही गं. आगीच्या रथात बसून वर गेला. आपल्या खंडाळ्याला येऊन गेलाय, तिथनंच गेला वर."

खंडाळ्याला म्हणजे घाटातल्या नव्हे, अलिबागजवळच्या. तिथल्या खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत, बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले यहुदी लोक, आजही तिथे नवस फेडायला जातात. आजींसोबत मीही एकदा गेले होते. त्यामुळे बरीच वर्षं माझी पक्की समजूत होती, की एलियाहू हा आपल्या रायगड जिल्ह्यातलाच.

२०१९ च्या सप्टेंबरात कामासाठी हैफाला जाणं झालं. शेवटी दोन दिवस मोकळे मिळाले. सहकारी मृत समुद्रात तरंगायला गेले, मी उत्तरेची बस पकडली. नकाशावर गावाचं नाव सफेद. हिब्रूत त्स्फात.

वाटेत मेरोनला उतरले. इथे रब्बी (यहुदी धर्मपंडित) शिमोन बार योहाय यांची कबर आहे. कब्बालाचा, म्हणजे यहुदी गूढविद्येचा, मुख्य ग्रंथ झोहर परंपरेनं त्यांच्या नावावर आहे. अभ्यासक तो १३ व्या शतकातल्या स्पेनमधला मानतात, पण हे मेरोनच्या गर्दीत बोलण्यात अर्थ नाही. बायकांची बाजू वेगळी, तिथे कबरीला टेकून एक मुलगी पुस्तकात तोंड खुपसून हुंदके देत होती आणि शेजारची बाई तिच्याकडे न बघता तिला कागदी रुमाल पुरवत होती. (याच ठिकाणी २०२१ च्या उत्सवात चेंगराचेंगरीत ४५ माणसं गेली. बातमी वाचली तेव्हा तो अरुंद उतार लगेच डोळ्यांपुढे आला.)

शिमोनची गोष्ट तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात, आहे. दुसरं शतक, रोमन राजवट. रब्बी मंडळी बसली होती. एक म्हणाले, या रोमनांनी बघा कसे बाजार बांधले, पूल बांधले, स्नानगृहं बांधली. दुसरे गप्प राहिले. शिमोन म्हणाले, सगळं स्वतःसाठी. पूल कशाला बांधले, तर टोल घ्यायला! हे वाक्य वाशीच्या खाडीपुलावर आजही जसंच्या तसं खपेल. बोलणं सरकारच्या कानावर गेलं. स्तुती करणाऱ्याला बढती, शिमोनना देहदंड, आणि गंमत म्हणजे गप्प बसणाऱ्यालाही हद्दपारी.

शिमोन मुलाला घेऊन गुहेत लपले. दारात कॅरोबचं झाड उगवलं, झरा फुटला. कपडे झिजू नयेत म्हणून बापलेक ते काढून ठेवत आणि गळ्यापर्यंत वाळूत बसून अभ्यास करत. कपडे फक्त प्रार्थनेपुरते. अशी १२ वर्षं. मग गुहेच्या तोंडाशी एलियाहू आला आणि म्हणाला, बादशहा मेला, हुकूम रद्द झाला, हे बार योहायला कोण सांगणार?

दोघं बाहेर आले तर माणसं शेत नांगरतायत, पेरतायत. शाश्वत सोडून हे काय धरून बसलेत, म्हणून ते संतापले आणि जिथे नजर टाकतील तिथे जाळ होऊ लागला. तेव्हा आकाशवाणी झाली: माझं जग मोडायला बाहेर आलात का? जा परत गुहेत! आणखी १२ महिने. दुसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होत होती, म्हणजे शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होत होता आणि एक म्हातारा मर्टलच्या सुगंधी डहाळ्यांच्या दोन जुड्या घेऊन लगबगीनं निघाला होता. कशाला रे बाबा? शब्बाथच्या मानाला. मग एक जुडी पुरे की. नाही, एक 'स्मरण कर'साठी, एक 'पाळ'साठी. तोरेत, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, शब्बाथची आज्ञा दोनदा आलीय, एकदा या शब्दानं, एकदा त्या. ते ऐकून बापलेकांचं मन शांत झालं. तेरा वर्षांचं तप आणि शेवटी जमिनीवर आणलं ते पालापाचोळा घेऊन पळणाऱ्या म्हाताऱ्यानं. मला ही गोष्ट फार आवडते.

उतारावर कॅरोबचं झाड होतं, हिब्रूत खारूव. खाली शेंगा पडल्या होत्या. एक पुसून चावली. चपटी, वीतभर, काळपट तपकिरी, साल चामड्यासारखी. आधी नुसतं लाकूड, मग सावकाश काकवीची चव येते. बिया खड्यासारख्या, दात सांभाळावे लागतात. अर्ध्या शेंगेत माझं पोट आणि कुतूहल दोन्ही भरलं.

दुपारी सफेदला पोचले. सफेद नावाचं हे गाव आहे निळं. दारं निळी, खिडक्या निळ्या, जुन्या दफनभूमीतल्या कित्येक कबरीसुद्धा निळ्या. आकाशाचा रंग, वरच्याची आठवण राहावी म्हणून, असं सांगतात. उंची ९०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षा जरा जास्तच, आणि वारा तसाच.

१४९२ मध्ये स्पेननं यहुद्यांना हाकललं. त्यांतले पुष्कळजण फिरत फिरत पुढे ऑटोमन राज्यात आलेल्या या डोंगरावर पोचले. १६ व्या शतकात इथल्या एकेका गल्लीत एकेक महापंडित होता. योसेफ कारो यांनी यहुदी आचारधर्माची संहिता, शुल्हान आरूख, इथेच पुरी केली. मोशे कोर्दोवेरो इथले. आणि १५७० मध्ये इजिप्तहून आला इसहाक लुरिया. लोक त्याला आरी म्हणतात. आरी म्हणजे सिंह. तो इथे जेमतेम दोन वर्षं जगला, १५७२ च्या साथीत ३८ व्या वर्षी गेला. स्वतः जवळजवळ काहीच लिहिलं नाही, जे आहे ते शिष्यांनी, मुख्यतः हाइम विताल यांनी, टिपलेलं.

त्याची शिकवण मला समजली ती अशी. सुरुवातीला सगळीकडे देवच होता, अनंत, फटसुद्धा नाही. मग जग ठेवायचं कुठे? म्हणून देव आक्रसला, बाजूला सरला. या सरण्याला त्सिमत्सूम म्हणतात. अवघड तत्त्वज्ञान आहे म्हणे, पण लोकलमध्ये 'जरा सरकून घ्या' म्हणत चौथी सीट मिळवलेल्या माणसाला ते फार समजावून सांगावं लागू नये. मग त्या रिकाम्या जागेत प्रकाश ओतला, तो धरायला जी पात्रं होती ती फुटली. ठिकऱ्या आणि ठिणग्या सगळीकडे उडाल्या. माणसाचं काम त्या ठिणग्या वेचून परत वर पाठवायचं: खाण्याआधी आशीर्वाद म्हणा, दान करा, आज्ञा पाळा, एकेक ठिणगी सुटते. या दुरुस्तीला ते तिक्कून म्हणतात.

संध्याकाळी आरीच्या नावाच्या अश्केनाझी (युरोपातल्या यहुद्यांच्या) सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, गेले. मधल्या वाचनपीठाला एक भोक आहे. १९४८ च्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा आत घुसला, नेमके त्याच क्षणी सगळे प्रार्थनेत वाकले होते म्हणून वाचले, असं सांगतात. आता त्या भोकात लोक चिठ्ठ्या खुपसतात. एका बाजूला कोरीव काम केलेली खुर्ची: एलियाहूची. सुंतेच्या वेळी तो हजर असतो म्हणून त्याच्यासाठी आसन मांडायची रीत आहे, आमच्या अलिबागकडेही आहे. मूल होत नसेल त्यानं इथल्या खुर्चीवर बसावं, वर्षाच्या आत पाळणा हलतो. एक आजीबाई मला आग्रहानं तिकडे ढकलायला लागल्या. घरी दोन आहेत आणि दोन्ही पुरेशी आहेत, हे मी बोटांनी आणि चेहऱ्यानं सांगितलं. त्या खूप हसल्या.

प्रार्थना सुरू झाली आणि माझ्या पिशवीतला मोबाइल वाजला. शब्बाथच्या सिनेगॉगमध्ये. कुणीही वळून पाहिलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मग 'लेखा दोदी' सुरू झालं. श्लोमो अल्काबेत्स यांनी याच गावात रचलेलं हे गीत आता जगभर दर शुक्रवारी म्हणतात. शब्बाथ ही नववधू, तिला सामोरं जायचं. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून झुकतात. जाळीमागून मीही वळले. घरी गौरी आणताना दारात होते तशीच काहीतरी गडबड पोटात झाली.

जेवण मी उतरले होते त्या घरातल्या बाईंकडेच. झाकलेल्या दोन वेणीच्या पावांवर त्यांच्या भावानं आशीर्वाद म्हटला आणि पाव तोडता तोडता बाईंनी गोष्ट सांगितली. पोर्तुगालहून लपतछपत आलेला एक भाबडा यहुदी. जेरुसलेमच्या देवळात पूर्वी दर शब्बाथला देवापुढे १२ पाव ठेवत, असं त्यानं रब्बींच्या प्रवचनात ऐकलं. घरी जाऊन बायकोला म्हणाला, दर शुक्रवारी दोन पाव कर, मन लावून कर. ते तो गुपचूप तोरेच्या कपाटात ठेवायचा. सिनेगॉगचा सेवेकरी यायचा, पाव दिसले की घरी न्यायचा. कोण ठेवतं, याची त्याला फिकीर नव्हती. हा संध्याकाळी यायचा, कपाट रिकामं बघून आनंदानं घरी जायचा: देवानं खाल्ले! एकदा रब्बींनी त्याला पकडलं आणि फैलावर घेतलं, मूर्खा, देव कधी खातो का? तो रडत सुटला. तेवढ्यात आरीचा निरोप आला: रब्बी, घरची निरवानिरव करा, उद्या तुमचा शेवट. देऊळ पडल्यापासून देवाला एवढा आनंद झाला नव्हता, तो तुम्ही बंद केलात.

मी त्यांना नामदेवाची गोष्ट सांगितली. नैवेद्य घेऊन गेलेलं पोर, खाल्ल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसलेलं, आणि खरंच जेवणारा विठोबा. बाई म्हणाल्या, "तुमचा देव सरळ आहे. आमचा सेवेकऱ्याच्या तोंडानं खातो." मला मात्र रब्बीच्या मरणाची शिक्षा फार वाटली आणि मी तसं बोलले. पाहुणीनं बोलू नये, पण बोलले.

भाऊ खूश झाले. म्हणाले, भांडा की, देवाशी भांडून जिंकायची मुभा आहे. मग भट्टीची गोष्ट. एक मातीची भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर वाद. रब्बी एलियेझर एकटे एका बाजूला. माझं खरं असेल तर हे कॅरोब सांगेल, म्हणाले, तर झाड उपटून शंभर हात लांब गेलं. बाकीचे म्हणाले, झाडाची साक्ष चालत नाही. ओढा उलटा वाहिला. चालत नाही. पाठशाळेच्या भिंती कलल्या, तेव्हा रब्बी येहोशुआ भिंतींवरच ओरडले: पंडितांच्या वादात तुमचं काय काम? दोघांचा मान राखायला भिंती पडल्याही नाहीत, सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी एलियेझरच्या बाजूनं झाली. येहोशुआ उभे राहून म्हणाले, तोरा आता स्वर्गात नाही. पुढे कुणीतरी एलियाहूला गाठून विचारलं, देव तेव्हा काय करत होता? हसत होता, तो म्हणाला. म्हणत होता, पोरांनी मला हरवलं.

साक्षीला पुन्हा एलियाहूच.

शनिवार सुस्तीत गेला. रविवारी बसच्या आधी दफनभूमीजवळच्या आरीच्या सेफार्दी (स्पेनकडच्या यहुद्यांच्या) सिनेगॉगमध्ये गेले. तिथे एक लहानशी कोनाड्यासारखी खोली आहे. इथे बसून आरी एलियाहूकडून शिकायचा. आत जेमतेम एक माणूस मावतो, दुसरा बसायचा तर कुणाला तरी सरकावं लागलं असणार. दगड हातांनी गुळगुळीत झालेत.

राखणदार आजोबांना थोडं इंग्रजी येत होतं. मी त्यांना खंडाळ्याचं सांगितलं. खडक, चाकांच्या खुणा, पोहे. मला वाटलं, हसतील. त्यांनी डोळे बारीक केले.

"समुद्र जवळ आहे?"

"आहे, पश्चिमेला."

"मग खुणा कशा आहेत? समुद्राकडून येणाऱ्या, की जाणाऱ्या?"

मी आठवायला लागले. आजींचा हात, तापलेला खडक, डब्यातला मलिदा, सगळं आठवलं. दिशा आठवेना.

"बघून कळवा," म्हणत त्यांनी वहीतलं पान फाडलं आणि पत्ता लिहून दिला.

पान माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात अलिबागला जाणं आहे, होकायंत्र फोनमध्ये आहेच.