देणारा कोण, घेणारा कोण?

मी सध्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला आठवला तो उष्णतेचा धडा आणि तो शिकवणारे आपले विज्ञानाचे सर.

त्या धड्यात मुलांचा हमखास गोंधळ होतो. एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते ती त्याची विशिष्ट उष्माधारकता. पाण्याची ४.१८ जूल, तांब्याची जेमतेम ०.३९. इंधन पूर्ण जळताना जी उष्णता बाहेर पडते ती ज्वलन उष्मा. इथेनॉलची ग्रॅममागे साधारण २९.७ किलोजूल. सर सूत्र लिहिण्याआधी विचारत, "देणारा कोण? घेणारा कोण?" सूत्र म्हणजे वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातली वाढ; त्यातलं वस्तुमान घेणाऱ्याचं, म्हणजे पाण्याचं. जळालेल्या स्पिरिटचं, म्हणजे मुख्यतः इथेनॉलचं, वजन शेवटी, भागाकाराला. हे पक्कं झाल्याशिवाय ते पुढे जात नसत.

मग प्रयोग. भर मार्चात पंखे बंद, खिडक्या लावलेल्या. तांब्याच्या कॅलरीमापीत, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्यात, २०० ग्रॅम पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. पाणी ३० वरून ६० अंशांवर आलं की दिवा विझवायचा आणि पुन्हा तोलायचा. पाण्याने घेतलेली उष्णता सुमारे २५ किलोजूल, जळालेलं स्पिरिट १.८ ग्रॅम. म्हणजे ग्रॅममागे १४ सुद्धा नाही, पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी!

"सर, भांड्यानं खाल्ली उष्णता," कोणीतरी म्हणालं. सरांनी लगेच भांडं तोलायला लावलं. १०० ग्रॅम तांबं, ३० अंश, गुणिले ०.३९. बाराशे जूलसुद्धा भरले नाहीत. भांडं निर्दोष सुटलं. मग सरांनी ज्योतीच्या बाजूला हात धरायला सांगितला. चटका बसला. उष्णता तिथून, हवेत चालली होती. शिवाय दिव्यातलं स्पिरिट शुद्ध नसतं, त्यात थोडं पाणीही असतं.

पुढचं गणित त्यांनी आपल्या गावातलं घातलं. रंगाईच्या हौदातलं ५०० लिटर पाणी ३० वरून ९० अंशांवर न्यायचं, तर लाकूड किती? उत्तर आलं सव्वा लाख किलोजूल, म्हणजे वाळलेलं लाकूड साधारण आठ किलो. पूर्व भागातला, रंगाईवाल्या घरातला आमचा एक मित्र ताडकन उठला, "सर, आमच्या नानांना याच्या कितीतरी पट लागतं!" सर इतके खूश झाले की उरलेला तास भट्टीवरच गेला. तोंड उघडं, धुराबरोबर जाणारी उष्णता, ओलं लाकूड. माझ्या मते त्या तासाला आम्ही खरं रसायनशास्त्र शिकलो.

आज माझ्यासमोर बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, असतो. गाळपातून येतो तेव्हा त्यात निम्मं पाणीच. कोरड्या बगॅसमधून किलोमागे साधारण ४६०० किलोकॅलरी मिळतात, ओल्यातून २३०० च्या आसपास, आणि त्यातलीही काही त्याच्याच पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. इथे देणाऱ्याच्या पोटातच घेणारा बसलेला असतो. बगॅस जरा वाळवून टाकला की वाफ वाढते, हे नव्या मुलांना मी सरांच्याच प्रश्नाने समजावतो.

प्रयोगशाळेत तो प्रयोग अजून होत असेल, तर एकदा दिव्याभोवती पत्र्याचा आडोसा लावा, कॅलरीमापीवर झाकण ठेवा. ज्योतीला हवा मात्र मिळू द्या. आकडा १४ वरून कुठवर चढतो ते मला जरूर कळवा.