वीज आली तेव्हा खटके बंद होते

उत्तरायणानंतरच्या रविवारी बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या सभागृहात आम्ही जुन्या व्हिडिओ गेमांचा मेळा भरवला होता. दुपारी अडीचच्या सुमारास वीज गेली आणि वीस-बावीस मिनिटांनी परत आली. आली तेव्हा एकही एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका, पडला नाही, एकही अडॅप्टर जळला नाही आणि चालू असलेली स्पर्धा जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. हे आपोआप झालं नाही. ज्यांनी केलं त्या स्वयंसेवकांचे आभार मानायला हे लिहितोय. आभार नेमके कशाचे ते कळावं म्हणून थोडं खोलात जाऊन लिहितो, कारण मंचावरून मानलेल्या आभारांत यातलं काहीच येत नाही.

सभागृहात ट्यूबवाले अठरा टीव्ही मांडले होते, बहुतेक २१ इंची. असा टीव्ही एकदा सुरू झाला की ७० ते १०० वॉट खातो, म्हणजे फार नाही. सुरू होतानाचा पहिला क्षण मात्र वेगळा. ट्यूबभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याला डीगॉसिंग कॉइल म्हणतात. पडद्यामागच्या जाळीत साचलेलं चुंबकत्व पुसणं हे तिचं काम. तिच्या जोडीला पॉझिस्टर असतो. तो थंड असला की करंट सोडतो, तापला की अडवतो. त्यामुळे थंड टीव्ही लावला की ही कॉइल क्षणभर कित्येक अँपिअर ओढते, आणि त्याच क्षणी पॉवर सप्लायचा रिकामा कपॅसिटरही भरून घेत असतो. घरात एकच टीव्ही असतो, तिथे हे जाणवतही नाही. पण एकाच लायनीवरचे सहा टीव्ही एकदम लागले तर १६ अँपिअरचा एमसीबी त्याला शॉर्टसर्किट समजतो आणि पडतो. वीज दोन मिनिटांत परतली असती तर पॉझिस्टर अजून गरम असते, धक्का कमी बसला असता. वीस मिनिटांत ते पार थंड होतात.

टीव्ही दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक काका आमच्यासोबत होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी एका लायनीवरचे सहाही टीव्ही मुद्दाम एकदम लावून दाखवले. एमसीबी पडला. सगळ्या पोरांनी तो आवाज ऐकला आणि नियम ठरला: वीज गेली की आधी खटका बंद, मग मोबाइलचा दिवा. नुसता टीव्हीचा नाही, अडॅप्टरचाही. वीज परतताना व्होल्टेज कधी कधी क्षणभर चढं असतं आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरला ते सांभाळता येत नाही, ते सरळ पुढे गेमच्या मशीनला देतात.

अंधार झाला तेव्हा खेळणाऱ्या पोरांनी आरडाओरडा केला, आणि त्या गोंगाटातही टेबलांमागून खटके बंद केल्याचे आवाज एकामागून एक येत होते. काका टेस्टर घेऊन बोर्डाजवळ उभे राहिले. वीज आल्यावरही त्यांनी दोन मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही. मग एकेक लायन, तिच्यावर एकेक टीव्ही, दोघांमध्ये पाच-सहा सेकंदांचं अंतर. चित्र स्थिर झालं की टेबलवाल्याने हात वर करायचा, मग पुढचा.

आता स्पर्धेचं. कन्सोलची, म्हणजे गेमच्या मशीनची, वीज गेली की स्कोअर गेला, तो परत मिळत नाही. स्कोअर लिहायला बसलेल्या दोन ताईंनी सकाळीच पद्धत घालून दिली होती: खेळ संपल्यावर एकदाच लिहायचं नाही, प्रत्येक जीव (डावात मिळणारी एकेक संधी) गेला की लिहायचं. वही, पेन, समोर खेळाडूची सही. त्यामुळे वीज गेली तेव्हा प्रत्येकाचा शेवटचा आकडा कागदावर होता. उरलेले जीव नव्या डावात खेळायचे आणि तो स्कोअर आधीच्यात मिळवायचा, असा निर्णय त्यांनीच दिला. कोणी वाद घातला नाही, कारण वहीत सह्या होत्या.

याच ताईंचा आणखी एक आग्रह होता: स्पर्धेची सगळी टेबलं एकाच जातीच्या मशीनची हवीत. तो आग्रह अगदी बरोबर होता. निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम हे गेमचं मशीन १९८३ साली जपानात निघालं, ते सेकंदाला ६० चित्रांवर चालतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात आलेल्या त्याच्या नकला आपल्या टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे ५० वर चालतात. तोच मारिओ, पण सहाव्या हिश्शाने सावकाश, संगीतसुद्धा रेंगाळतं. हळू मशीनवर उडी साधणं सोपं जातं. दोन्ही मशीनचे स्कोअर एका फळ्यावर लिहिले असते तर तो अन्यायच झाला असता.

जपानी मशीनला आणखी एक अडचण आहे. जुन्या भारतीय टीव्हीला जोडलं की चित्र येतं, पण काळंपांढरं आणि वर सरकत राहणारं. रंगाचा सिग्नल तिथे ३.५८ मेगाहर्ट्झचा, आपला टीव्ही ४.४३ चा शोधतो. सरकणं थांबवायला मागे व्ही-होल्डची चकती असते, ती हलक्या हाताने फिरवली की चित्र अडकतं. रंग मात्र चकतीने येत नाही, त्यासाठी दोन्ही पद्धती ओळखणारा टीव्हीच लागतो. उलट काही नकलांचं चित्र रंगीत, झकास, आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. ती मशीनं चीनच्या बाजारासाठी बनलेली असतात. तिथे चित्राच्या आणि आवाजाच्या सिग्नलमधलं अंतर ६.५ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे ५.५. कितीही ट्यूनिंग केलं तरी दोन्ही एकदम जुळत नाही. अशा मशीनला पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरीने जोडायचं, अँटेनाच्या वाटेला जायचंच नाही. कोणतं मशीन कोणत्या टीव्हीवर चालतं, याचा तक्ता दोन मुलांनी शनिवारी रात्री जागून बनवला आणि प्रत्येक टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवला. रविवारी कोणालाही काही विचारावं लागलं नाही.

अडॅप्टरांचं काम इंजिनिअरिंगच्या मुलींकडे होतं, आणि माझ्या मते सगळ्यात जोखमीचं काम तेच. फॅमिकॉमच्या पिनेत आतला भाग ऋण असतो. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह मशीनच्या पहिल्या मॉडेलचाही ऋण, दुसऱ्याचा धन. एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचीच अमेरिकन आवृत्ती, तिचा अडॅप्टर तर ९ व्होल्टचा, पण एसी (दिशा बदलत राहणारा करंट) देणारा. तो फॅमिकॉमला लावला तर आतला व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर जातो, आणि पिन मात्र आरामात बसते. बाजारात मिळणाऱ्या युनिव्हर्सल अडॅप्टरची पिन तर उलटसुलट कशीही लागते. मुलींनी प्रत्येक अडॅप्टर मल्टीमीटरवर घेतला, लाल टेप म्हणजे आत ऋण, निळी म्हणजे आत धन, पिवळी म्हणजे एसी, आणि मशीनच्या भोकाशेजारी त्याच रंगाची टेप. युनिव्हर्सल अडॅप्टरच्या पिना त्यांनी टेपने जागीच बांधून टाकल्या. लोड नसताना ९ व्होल्टचा जुना अडॅप्टर १२-१३ दाखवतो, तो बिघाड नव्हे, हेही तक्त्यात लिहून ठेवलं होतं. हँडसेटच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या बटणांच्या डबीच्या, नऊ पिनांच्या प्लगचंही तसंच: नकली मशीनचा आणि सेगाचा प्लग दिसायला एक, आतली जोडणी वेगळी. तिथेही टेप.

गेमच्या कॅसेट साफ करणाऱ्या टेबलाकडे प्रेक्षकांचं लक्ष फारसं गेलं नाही, पण मेळा चालला तो त्या टेबलावर. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसायचं, काडी काळी यायची थांबेपर्यंत. मग एक-दोन मिनिटं वाळू द्यायचं. सॅंडपेपर नाही, त्याने पिनांवरचा मुलामा निघतो. आणि फुंकर अजिबात नाही. फुंकरीने कॅसेट चालल्यासारखी वाटते ती काढून पुन्हा बसवल्यामुळे; तोंडातल्या ओलीने पिना मात्र गंजतात. लहानांपेक्षा मोठ्यांना आवरणं कठीण गेलं. चाळिशीतले बाबा कॅसेट हातात आली की सवयीने तोंडाकडे नेत, आणि टेबलावरची कॉलेजची मुलगी "काका, इकडे द्या, मी पुसून देते," म्हणून हसत काढून घेई.

बंदुकीने बदकं टिपायच्या खेळाला ट्यूबवालाच टीव्ही लागतो. चाप ओढला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला डोळा आधी अंधार आणि मग उजेड, दोन्ही ठरल्या क्षणी शोधतो. एलसीडीवर चित्र उशिरा पोहोचतं, म्हणून नेम बसला तरी बदक पडत नाही. पण ट्यूबवरही एक घोटाळा होतो, आणि तो आमच्याकडे चार वाजता झाला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट काचेवर आलं. काळा क्षण काळा राहिला नाही, आणि सगळेच नेम चुकू लागले. पोरं बंदूक बिघडली म्हणत होती. जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या बेनने (गुजरातीत बेन म्हणजे ताई) कारण कळताच सतरंजी आणून खिडकीवर बांधली. पुढच्या चापाला बदक पडलं.

त्याच बेनने सकाळी नाश्त्याचं टेबल दारापलीकडे व्हरांड्यात नेलं होतं आणि आत येताना साबणाने हात धुण्याची सक्ती केली होती. नाश्त्याला शेवउसळ होती. तिची तर्री बटणांच्या रबराखाली गेली तर हँडसेट उघडून पुसल्याशिवाय बटणं मोकळी होत नाहीत. दिवसभरात एकही हँडसेट उघडावा लागला नाही.

रात्री सामान गाड्यांत चढवायला जे थांबले त्यांचेही आभार. २१ इंची टीव्हीचं वजन २० किलोच्या पुढे असतं आणि ते जवळजवळ सगळं पुढच्या काचेत. म्हणून पडदा छातीकडे धरायचा, दोघांनी उचलायचं, मागची निमुळती मान कशालाही लागू द्यायची नाही. ती फुटली की ट्यूब संपली. अठराच्या अठरा टीव्ही मालकांच्या घरी धड पोहोचले, वायरी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून, ज्याच्या त्याच्या नावाच्या चिठ्ठीसह.

त्यातले दोन टीव्ही आता थकले आहेत, चित्र यायला वेळ लागतो. कोणाच्या घरी व्ही-होल्डची चकती असलेला चालू टीव्ही पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला कळवा. न्यायला दोघं येतील, आणि कसा उचलायचा ते त्यांना माहीत आहे.