बाग उघडी, पण स्वच्छतागृह? महासाथीतल्या एका फेरीचा वृत्तांत

कोरोनाच्या साथीतले निर्बंध सैल झाले आणि बागांची फाटकं उघडली, तशी वडिलांना घेऊन शहरातल्या मोठ्या बागांची एक फेरी करायचं ठरवलं. घरात बसून बसून त्यांचे पाय आखडले होते. मोकळ्या हवेत चाला, असं डॉक्टरांनीही बजावलं होतं. पण वडिलांना प्रोस्टेटचा त्रास आहे, तास-सव्वा तासाने जावंच लागतं. त्यामुळे बागेत किती वेळ थांबता येईल हे आमच्यापुरतं स्वच्छतागृहाच्या दारावर ठरतं. मधुमेही, गरोदर बायका, पाळी चालू असलेल्या मुली, लहान पोरं बरोबर असलेले आईबाप, या सगळ्यांचं तेच. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

नदीकाठच्या बागेपासून सुरुवात केली. संकेतस्थळावर अजून जुनीच, दिवसभराची वेळ होती. फाटकावरच्या कागदावर मात्र सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे तीन तास, मध्ये बाग बंद. रक्षकाने तापमान बघून आत सोडलं. आत स्वच्छतागृहाला कुलूप, कडीभोवती लाल-पांढरी पट्टी गुंडाळलेली, आणि पिण्याच्या पाण्याचे नळ प्लास्टिकच्या पिशव्या घालून सुतळीने बांधलेले. एक चक्कर मारून आम्हाला निघावं लागलं. ज्यांना अर्धा तास भराभर चालून घरी जायचंय त्यांच्यासाठी ही बाग तेव्हा छान होती. बाकीच्यांनी तेव्हा जाण्यात अर्थ नव्हता.

कुलूप का लावलं होतं ते समजतं. जागा कोंदट, वारा खेळत नाही, आणि कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे बंद हवेत पसरतो. शिवाय सफाईला माणसं अपुरी. तरीही हा निर्णय मला चुकीचा वाटतो. साबणाने वीस सेकंद हात धुवा असं सगळीकडे सांगायचं आणि बागेतला साबण-पाण्याचा एकमेव नळ कुलपात ठेवायचा, हे कसं चालेल? माणसांची गरज कुलपाने थांबत नाही. कोणी झुडपामागे जातं. बायका घरून निघतानाच पाणी पिणं सोडतात, आणि त्यातून उन्हाचा त्रास आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवतो.

टेकडीलगतच्या मोठ्या उद्यानात मात्र मन भरून आलं. स्वच्छतागृहाचं बाहेरचं दार वीट लावून सताड उघडं ठेवलेलं, एक्झॉस्ट पंखा चालू, एकाआड एक बेसिन टेप लावून बंद. दाराशी चिकटवलेल्या तक्त्यावर दर सफाईची वेळ आणि सही, बॉलपेनने, शेवटची ओळ अजून ओलसर बोटाने पुसटलेली. आम्ही पोचलो तेव्हा सफाई चालू होती. "काका, जरा दम धरा. औषध पुसलंय, ते ओलं राहू दे थोडा वेळ," सफाईच्या मावशी वडिलांना म्हणाल्या. बरोबरच आहे. ब्लीचचं पाणी फिरवून लगेच कोरडं केलं तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. ब्लीच आणि ॲसिड कधी एकत्र करायचं नाही, विषारी वायू निघतो, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्यांना घाई असते त्यांनी सफाईची वेळ तक्त्यावर बघून चालायला सुरुवात करावी. आम्ही पुढच्या चकरा त्याच हिशोबाने मारल्या.

लोकांनी एकमेकांपासून अंतर राखून बसावं म्हणून हिरवळीवर पांढरी वर्तुळं आखलेली होती. मे २०२० मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डॉमिनो पार्कमध्ये अशी वर्तुळं रंगवली आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. कल्पना चांगलीच आहे. इथे जवळ उघडं स्वच्छतागृह होतं, म्हणून वडील वर्तुळात निवांत बसू शकले.

तलावाकाठच्या बागेतलं स्वच्छतागृह बऱ्याच काळाने नुकतंच उघडलं होतं. आत भयंकर वास. वापर नसला की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी सुकतं आणि गटाराचा वायू सरळ वर येतो. जाळीत बादलीभर पाणी ओतलं तरी पुष्कळ फरक पडतो, रक्षकाला तसं सांगून बघा. नळ सोडताना थोडं बाजूला उभं राहून पाणी वाहू द्यावं. साचलेल्या पाण्यात लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढू शकतो आणि तो तुषारांतून श्वासात जातो. ते पाणी पिऊ तर नयेच. याच बागेत अपंगांसाठीच्या खोलीत खुर्च्या आणि फवारणीचे ड्रम रचून ठेवले होते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने काय करायचं? याची लेखी तक्रार मी दिली आहे. तुम्हालाही असं दिसलं तर द्या.

बरोबर काय घ्यावं: कागदी साबण, पाण्याची भरलेली बाटली, टिश्यू, सुके कपडे, कचऱ्यासाठी पिशवी, आणि किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर. हात मातीने माखले असतील तर सॅनिटायझर नीट काम करत नाही, तेव्हा साबणच हवा. आत मास्क काढू नका, झाकण असेल तर ते लावून मग फ्लश करा, आणि काम झालं की रेंगाळू नका. दाराबाहेर रांग लावलेली बरी.

सकाळी फाटक उघडल्या उघडल्या गेलात तर जागा सर्वांत स्वच्छ मिळते. संध्याकाळी सावध राहा. फाटक सातला बंद होणार असेल तरी स्वच्छतागृहाला बरंच आधी कुलूप लागतं, कारण सफाईची पाळी तेव्हा संपते. निघण्याआधी फोन कराल तेव्हा नुसतं "बाग उघडी आहे का?" असं विचारू नका, उत्तर "हो" येतं. स्वच्छतागृह आज उघडं आहे का, दुपारी किती वाजता बंद ठेवता, आणि संध्याकाळी कुलूप कधी लावता, हे तिन्ही वेगवेगळं विचारा.