४२९४९६७२९७ चे अवयव हाताने पाडताना

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४२९४९६७२९७ ही चारशे एकोणतीस कोटींच्या थोडी पुढची संख्या मिळते. २ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत १ मिळवून येणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या तिच्या आधीच्या फर्मा संख्या मूळ आहेत, तेव्हा हीसुद्धा मूळच असणार, असे सतराव्या शतकात फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांना वाटत होते. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो हे दाखवले. हे उत्तर मला ठाऊक होतेच, पण कॅल्क्युलेटर न घेता तिथवर कसे पोहोचता येते, हे करून पाहायचे होते.

सरळ भागत सुटायचे म्हटले तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५५३६ च्या आत, ६५४२ मूळ संख्या आहेत, म्हणून आधी विभाजक कोणत्या रूपाचा असेल ते पाहिले. प हा मूळ विभाजक असेल, तर प ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते. १ ही बाकी पहिल्यांदा ६४ व्या घाताला मिळते, आणि प−१ व्या घाताला ती नेहमीच मिळते (फर्मा यांचाच छोटा सिद्धांत), त्यामुळे प−१ ला ६४ ने भाग जावाच लागतो. पुढे १८७८ मध्ये फ्रेंच गणिती ल्युका यांनी तो १२८ नेही जातो हे सिद्ध केले. मग उरतात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशा संख्या. त्यांतली २५७ भागाकार न करताच बाद होते, कारण वरच्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५ भरतो, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा नेमका २ ने कमी. १२९, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत, म्हणजे पहिलाच खरा उमेदवार ६४१. ६४१ ने भागल्यावर २ च्या १६ व्या घाताची बाकी १५४ येते. १५४ चा वर्ग २३७१६, आणि ६४१ गुणिले ३७ म्हणजे २३७१७. बाकी −१, म्हणजे १ मिळवला की भाग नि:शेष जातो. काम झाले.

६४१ = ५×१२८+१ आणि ६४१ = ६२५+१६ या दोन रूपांवरून दोन ओळींत होणारी सिद्धताही देखणी आहे, पण ६४१ सापडला कसा हे ती सांगत नाही, म्हणून मला ती थोडी लबाड वाटते.

बहुतेक जण इथेच थांबतात. मला मात्र खरी गोडी लागली ती ६४१ ने भागून येणाऱ्या ६७००४१७ ची. तीही मूळ आहे हे कशावरून? तिचा मूळ विभाजक मोठ्या संख्येचाही विभाजक असणार, तेव्हा १२८ ची अट इथेही लागू होते, आणि वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे असल्यामुळे ६४१, ७६९, ११५३ व १४०९ एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या राहतात. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या, म्हणजे ६७००४१७ मूळ ठरली.

पुढची फर्मा संख्या वीस अंकी आहे. तिचा सर्वांत लहान विभाजक २७४१७७ हा फ्रेंच गणिती लांद्री यांनी १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी शोधला. तिथे विभाजक २५६ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो; त्या टप्प्याने गेले तरी हा १०७१ वा उमेदवार येतो, त्यामुळे त्या वाटेला मी गेलो नाही.